नायट्रोजन वर की ऑक्सिजन खाली? अकरावीच्या लेकीचा एक प्रश्न

तलावपाळी
नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावीला आहे, सायन्स. काल जेवणं झाल्यावर वही घेऊन आली, म्हणाली आई, आयनीभवन ऊर्जा (अणूतला एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) आवर्तात, म्हणजे आवर्त सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे वाढत जाते ना, मग नायट्रोजन १४०२ आणि त्याच्या पुढचा ऑक्सिजन १३१४ असं कसं? मी बीएस्सी केमिस्ट्री, पण त्याला वीसएक वर्षं झाली, तरी उत्तर तोंडावर होतं: नायट्रोजनचं पी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनच्या जागा, एकेका जागेत जास्तीत जास्त दोन) अर्धं भरलेलं असतं, अर्धं भरलेलं स्थिर असतं. तिने मान हलवली आणि लगेच पुढचं विचारलं, "पण अर्धं भरलेलं स्थिर *का* असतं?" आणि तिथे माझं बोलणंच थांबलं. कारण मी ते वाक्य कॉलेजात लिहिलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले, आणि त्याच्या खाली काय आहे ते कधी बघितलंच नाही. तिला "असंच असतं" सांगायचं माझ्या जिवावर आलंय. कुणी नीट सांगाल का? आकडे सगळे किलोज्यूल प्रति मोल आहेत, तिच्या पुस्तकातले.

घोडबंदर_क्लास
ताई, मी अकरावी-बारावीचे क्लास घेतो. परीक्षेत दोन मार्कांना येतं: नायट्रोजनचं संरूपण (कुठल्या ऑर्बिटलमध्ये किती इलेक्ट्रॉन) लिहायचं, ऑक्सिजनचं लिहायचं, हाफ-फिल्ड म्हणून जादा स्थिर हे वाक्य लिहायचं, झालं. खोलात जायला मुलांकडे वेळ नसतो, सीईटीला एका प्रश्नाला दीड-दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. हे वाक्य चुकीचं नाहीये, ते पाठ असलेलं चांगलं.

कोपरखैरणे_अकरावी
मी पण अकरावीलाच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे सरांनी ट्रेनवरून सांगितलं होतं आणि मला ते लगेच समजलं. ठाणे-वाशी लोकलमध्ये तीन जणांची सीट असते, तीन जण नीट टेकून बसतात. चौथा "जरा सरका" म्हणून कडेला बसतो, अर्धा बाहेर. मग उठवायला सोपा कोण, तर चौथ्या सीटवाला. नायट्रोजनमध्ये तीन पी ऑर्बिटल आणि तीन इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनमध्ये चौथा येतो, त्याला कुणाच्या तरी जोडीने बसावं लागतं म्हणून तो पटकन निघतो.

नेरुळ_सर
ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही. लांब लिहितोय, सावकाश वाचा.

कोपरखैरणेच्या मुलाने लाख मोलाची गोष्ट सांगितलीय आणि त्याचं त्यालाच कळलं नसेल. बघा, नायट्रोजन खास आहे असं त्याने म्हटलंच नाही. तो म्हणाला *चौथा* अडचणीत आहे. म्हणजे प्रश्न नायट्रोजन वर का गेला हा नाहीच, ऑक्सिजन खाली का आला हा आहे. हे आकड्यांवरून तपासता येतं. ताई, लेकीला ग्राफ पेपर द्या आणि हे सहा ठिपके काढायला सांगा:

बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२. ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१.

पहिल्या तीन ठिपक्यांत वाढ २८५, मग ३१६. म्हणजे नायट्रोजन आपल्या ओळीत अगदी सरळ उभा आहे, उडी वगैरे काही मारलेली नाही. नायट्रोजन "जादा स्थिर" असता तर तो कार्बनच्या रेषेच्या बराच वर दिसला असता, तसा तो दिसत नाही. आता पट्टी लावून तीच रेषा पुढे न्या, ऑक्सिजनच्या जागी ती सतराशेच्या आसपास जाते आणि खरा ऑक्सिजन १३१४ वर आहे, जवळपास चारशे खाली. आणि आता जे सांगतो ते वर्गात फार कमी वेळा सांगितलं जातं: फ्लोरीन आणि निऑनसुद्धा त्या रेषेच्या बरेच खाली आहेत. हे तीन मिळून दुसरी रेषा होते, पहिलीसारखीच चढणारी, जरा जास्त तिरकी, पण खाली सरकलेली. ज्याला आपण सगळ्यात स्थिर म्हणतो तो निऑनदेखील पहिल्या रेषेच्या खालीच आहे!

का? तर या तिघांमधून जो इलेक्ट्रॉन निघतो तो जोडीत बसलेला असतो. एकाच ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन म्हणजे एकमेकांना ढकलणं जास्त, त्यामुळे बाहेर काढायला तेवढी ऊर्जा कमी लागते. चौथ्या सीटवाला, बरोबर.

तलावपाळी
सर, आत्ता वाचलं आणि लगेच तिला उठवून दाखवावंसं वाटलं, पण झोपलीय. इतकी वर्षं मी नायट्रोजनकडेच बघत होते.

घोडबंदर_क्लास
सर, ग्राफ पटला. पण मग एक्स्चेंज एनर्जीचं काय? पुस्तकात तेच कारण देतात, एकाच दिशेच्या स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा एक गुण, वर किंवा खाली असा दोनच प्रकारचा) इलेक्ट्रॉन जितके जास्त तितकी स्थिरता जास्त. ते खोटं का?

नेरुळ_सर
खोटं अजिबात नाही. फक्त ते मोजताना आपण अर्धंच मोजतो. आयनीभवन ऊर्जा ही एका अणूची गोष्ट नाही, ती *फरक* आहे: आधीचा अणू आणि इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेला आयन. दुकानात गेलात, खिशात शंभर होते, बाहेर पडताना साठ उरले, तर खर्च चाळीस. नुसतं "आधी शंभर होते" म्हणून खर्च कळत नाही.

एक्स्चेंजच्या जोड्या मोजूया, फक्त पी मधल्या. एकाच स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन म्हणजे एक जोडी. बोरॉनमध्ये एकच इलेक्ट्रॉन, जोड्या शून्य, काढला तरी शून्य, तोटा शून्य. कार्बनमध्ये एक जोडी, काढल्यावर शून्य, तोटा एक. नायट्रोजनमध्ये तीन, काढल्यावर एक, तोटा दोन. ऑक्सिजनमध्ये वर स्पिनचे तीन आणि खाली स्पिनचा एक, जोड्या तीनच. तो खालचा एकटा काढला तरी तीनच राहतात, तोटा शून्य! फ्लोरीनमध्ये चार, उरतात तीन, तोटा एक. निऑनमध्ये सहा, उरतात चार, तोटा दोन.

शून्य, एक, दोन. मग पुन्हा शून्य, एक, दोन. ग्राफवरच्या त्या दोन रेषा ह्याच. मी पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा कागदाकडे बराच वेळ बघत बसलो होतो. नायट्रोजनला काही खास आशीर्वाद नाही, तो फक्त चढणीचा शेवटचा टप्पा आहे, आणि ऑक्सिजनपाशी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. घोडबंदरचे सर, परीक्षेत हाफ-फिल्ड लिहायला माझी हरकत नाही, मुलांनी मार्क घ्यावेतच. पण त्याच्यापुढे एक ओळ जोडायला सांगा: "ऑक्सिजनमध्ये चौथा इलेक्ट्रॉन जोडीत असल्याने प्रतिकर्षण वाढते." तपासणाऱ्यालाही आवडतं.

घोडबंदर_क्लास
ही मोजणी मी उद्याच्या बॅचला फळ्यावर करून घेणार. मनापासून आभार सर. मी स्वतः बारा वर्षं हे वाक्य सांगतोय आणि आयनाकडची बाजू कधी मांडली नव्हती, त्याचं वाईट वाटतंय.

ऐरोली_रात्रपाळी
मला बेरिलियम-बोरॉनचं विचारायचंय. ९०० आणि ८०१. तिथे तर जोडी बेरिलियममध्येच आहे, मग जोडीतला सोपा जायला हवा ना? उलटं का?

नेरुळ_सर
चांगली शंका. तिथे कारण वेगळं आहे, आणि म्हणूनच "भरलेलं स्थिर, अर्धं भरलेलं स्थिर" असं एकाच पोत्यात दोन्ही घालू नये. बेरिलियमचा इलेक्ट्रॉन २एस मधून निघतो, बोरॉनचा २पी मधून. एस चा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत घुसतो, पी चा तेवढा घुसत नाही, त्यामुळे पी ची पातळी मुळातच वरची आहे आणि तिथून बाहेर पडणं सोपं.

आणि मुळात डावीकडून उजवीकडे वाढ का होते तेही एकदा बोलून टाकू. प्रत्येक घराला केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतो आणि सोबत्यांना नीट झाकत नाही. १९३० सालचे स्लेटरचे नियम (बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची खेच किती जाणवते ते मोजायचे) घेतले तर त्याच कवचातला शेजारी फक्त ०.३५ इतकंच झाकतो, म्हणजे दर पावलाला खेच ०.६५ ने वाढते. कार्बनला ३.२५, नायट्रोजनला ३.९०, ऑक्सिजनला ४.५५. खेच वाढत असूनही ऑक्सिजन खाली येतो, म्हणजे जोडीचं ढकलणं किती मोठं असेल बघा. गणात, म्हणजे उभ्या रांगेत, खाली जाताना मात्र कवच वाढत जातं आणि ऊर्जा उतरत जाते: लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सीझियम ३७६.

तलावपाळी
सर, लेकीने सकाळी ग्राफ काढला आणि आता पुढची आवर्तं काढत बसलीय. तिचं म्हणणं, फॉस्फरस १०१२ आणि सल्फर १०००, फरक फक्त बाराचा. नायट्रोजन-ऑक्सिजनमध्ये अठ्ठ्याऐंशीचा होता. इतका कमी कसा झाला?

नेरुळ_सर
तिला म्हणावं अजून खाली जा. आर्सेनिक ९४७, सेलेनियम ९४१, फरक सहा. मग अँटिमनी ८३४ आणि टेल्युरियम ८६९.

कोपरखैरणे_अकरावी
थांबा, टेल्युरियम जास्त आहे??

नेरुळ_सर
होय बाळा, जास्त आहे. अँटिमनीचं ५पी अर्धं भरलेलं, टेल्युरियममध्ये चार, आणि तरीही टेल्युरियम वर. त्याच्या खाली बिस्मथ ७०३ आणि पोलोनियम ८१२, तिथे तर शंभराच्या वर फरक, आणि तोही उलट्या बाजूचा. "अर्धं भरलेलं म्हणून स्थिर" हा नियम असता तर इथेही चालला असता. पण कारण जोडीचं ढकलणं आहे हे धरलं की सगळं जागेवर येतं: २पी लहान आणि दाट, तिथे दोघे एकत्र म्हणजे चेंगराचेंगरी. ३पी पसरट, ५पी त्याहून पसरट, तिथे दोघांनाही जागा आहे, ढकलणं कमी पडतं आणि केंद्रकाची वाढलेली खेच जिंकते. जड अणूंमध्ये आणखी एक गोष्ट होते, स्पिन आणि कक्षीय गती एकमेकांत इतक्या गुंततात की तीन पी ऑर्बिटल सारख्या ऊर्जेची राहतच नाहीत, एक खाली जाते आणि दोन वर. मग "अर्धं" ह्या शब्दालाच अर्थ उरत नाही. पोलोनियमचं मुख्य कारण तेच.

तुझी चौथी सीट तिथे बाकाइतकी लांब झाली असं समज.

कळवा_खाडी
मी केमिस्ट्रीवाला नाही, पण मुलाला दहावीला शिकवताना सांगतो की सोडियमला निऑनसारखं व्हायचं असतं म्हणून तो एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीनला एक हवा असतो, दोघांचं काम होतं. अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण. हे बरोबर आहे ना?

घोडबंदर_क्लास
याचं उत्तर मी देतो, कारण ह्या धाग्यावरून मलाच ते आठवलं. दादा, सोडियम "देऊन टाकत" नाही. ओढून काढायला ४९६ लागतात. क्लोरीनला तो मिळाल्यावर साधारण ३४९ परत मिळतात. १४७ चा घाटाच आहे. म्हणजे एक सुटा सोडियम अणू आणि एक सुटा क्लोरीन अणू लांब लांब ठेवले तर इलेक्ट्रॉन आपणहून जाणारच नाही. हा घाटा भरून निघतो तो स्फटिक बनल्यावर, धन-ऋण आयन जवळ येऊन रचले जातात तेव्हा मोलमागे जवळपास ७८७ बाहेर पडतात. मिठाच्या खड्यात ही सगळी देवाणघेवाण आहे. आणि सोडियम दुसरा का देत नाही, तर दुसऱ्याला ४५६२ लागतात, तो आतल्या कवचातला. मॅग्नेशियमचे बघा: ७३८, १४५१ आणि मग एकदम ७७३३. ॲल्युमिनियमचे ५७८, १८१७, २७४५, मग ११५७७. उडी कुठे आहे बघितलं की बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन होते ते मोजता येतं. मुलाला ही उडी शोधायला लावा, त्याला आवडेल.

शिफ्ट_बी
मी टीटीसी एमआयडीसीत केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीला आहे. तुमचा धागा वाचून लिहावंसं वाटलं कारण हे आकडे आम्ही रोज वापरतो, पण इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (एक म्हणजे साधारण ९६.५ किलोज्यूल प्रति मोल). आमच्याकडे पीआयडी असतं, हातात धरायचं मीटर, फोटोआयोनायझेशन डिटेक्टर. आत छोटा दिवा, १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश देतो. हवेत ज्या वाफेची आयनीभवन ऊर्जा १०.६ पेक्षा कमी तिचा इलेक्ट्रॉन सुटतो, करंट येतो, स्क्रीनवर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) दिसतं. बेंझीन ९.२४, टोल्युईन ८.८३, म्हणून दिसतात. मिथेन १२.६, कार्बन मोनॉक्साइड १४.०, क्लोरीन ११.५, हे दिसतच नाहीत. हवेतला नायट्रोजन १५.६ आणि ऑक्सिजन १२.०७, तेही दिसत नाहीत, आणि तसं असल्यामुळेच हे यंत्र चालतं, नाहीतर सगळी हवाच मोजत बसलं असतं.

एक प्रसंग सांगतो, जुन्या नोकरीतला. व्हेसल (मोठी बंद टाकी) साफ करायची होती, आतून नायट्रोजन मारलेला. कंत्राटी पोरगा, नवा, पीआयडी मॅनहोलपाशी धरून म्हणाला "साहेब झिरो आहे, उतरू का?" एक पाय आत टाकलेला. आमच्या सुपरवायझरने त्याला कॉलरला धरून मागे ओढला आणि ऑक्सिजनही मोजणारं चार गॅसचं मीटर दोरीने खाली सोडलं. ऑक्सिजन सोळा टक्के, अलार्म वाजायला लागला. पीआयडीने झिरो दाखवलं ते बरोबरच होतं, नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन त्या दिव्याला सुटतच नाही. झिरो म्हणजे "माझ्या दिव्याला काही सुटलं नाही", "हवा चांगली आहे" असं नव्हे. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला आधी हा आकडा शिकवतो, मग मीटर हातात देतो. पावसाळ्यात तर अजून जपावं लागतं, दमट हवेत रीडिंग कमी येतं.

तलावपाळी
दादा, अंगावर काटा आला. हे तिला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प बसली होती.

नेरुळ_सर
शिफ्ट_बी, तुम्ही ऑक्सिजन १२.०७ लिहिलंत तो आकडा बघून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा ऑक्सिजनच्या रेणूचा आकडा, अणूचा नव्हे, मुलांनी गोंधळू नये. नील बार्टलेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ कॅनडात होते. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड इतकं जबरदस्त की ते ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी तक्ता बघितला. झेनॉनची आयनीभवन ऊर्जा १२.१३. जवळजवळ तेवढीच! ऑक्सिजनचा निघतो तर झेनॉनचा का नाही निघणार? १९६२ साली दोन्ही एकत्र आणले आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ मिळाला. तोपर्यंत जवळजवळ सगळे मानून चालले होते की राजवायू (निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन वगैरे) संयुगं बनवतच नाहीत, अष्टक पूर्ण म्हणजे विषय संपला. दोन आकडे शेजारी ठेवून बघितले म्हणून ते जमलं.

ऐरोली_रात्रपाळी
सर, क्रोमियम आणि कॉपरचं राहिलं. तिथे पण हाफ-फिल्ड, फुल-फिल्ड म्हणून ३डी५ ४एस१ (३डी मध्ये पाच, ४एस मध्ये एक इलेक्ट्रॉन) आणि ३डी१० ४एस१ लिहितो.

नेरुळ_सर
संरूपण बरोबर, ते प्रयोगातून आलेलं आहे. कारण सांगताना जपून. क्रोमियमच्या खाली मॉलिब्डेनम तसंच ५+१ (डी मध्ये पाच, एस मध्ये एक), पण त्याच्या खाली टंगस्टन ४+२. निओबियम ४डी४ ५एस१, तिथे ना अर्धं ना पूर्ण. पॅलेडियमने तर ५एस रिकामंच ठेवलंय. डी आणि एस च्या पातळ्या इतक्या जवळ आहेत की थोड्या फरकाने इकडचं तिकडे होतं. आयनीभवनात जिथे खरंच दिसतं ते दुसऱ्या इलेक्ट्रॉनला: क्रोमियमला १५९१, शेजारच्या मँगनीजला १५०९, कारण क्रोमियमचा दुसरा डी मधून काढावा लागतो आणि मँगनीजचा अजून एस मधून. कॉपर १९५८, झिंक १७३३, तेच कारण. पुन्हा बघा, आधी काय आणि नंतर काय, दोन्ही लिहिलं की कळतं.

तलावपाळी
संध्याकाळी तिने ग्राफ पूर्ण केला. दोन रेषा पेन्सिलीने, आणि बाजूला छोट्या अक्षरात ० १ २, ० १ २ असं लिहिलंय. अँटिमनी-टेल्युरियमला लाल गोल केलाय, उद्या कॉलेजात मॅडमना दाखवणार म्हणते. आता तिचा शेवटचा प्रश्न शिफ्ट_बी दादांसाठी: तो १०.६ चा दिवा कशाचा असतो?

शिफ्ट_बी
क्रिप्टॉनचा. पुढे खिडकी असते मॅग्नेशियम फ्लोराइडची, साधी काच तो प्रकाश अडवते.

तलावपाळी
ती म्हणतेय क्रिप्टॉनची आयनीभवन ऊर्जा तर १४.० आहे, तिने बघितली. मग प्रकाश १०.६ चा कसा?

नेरुळ_सर
शाबास! दिव्यात प्रकाश येतो तो इलेक्ट्रॉन बाहेर गेल्याने नाही. तो वरच्या पायरीवर जातो आणि परत खाली येतो, येताना तेवढ्याच उंचीचा प्रकाश देतो. क्रिप्टॉनच्या त्या दोन पायऱ्या १०.० आणि १०.६ वर आहेत, घराचा उंबरठा १४.० वर. तिला म्हणावं वहीत एक उभी रेघ काढ, खाली शून्य, वर १४, आणि मध्ये ह्या दोन पायऱ्या. मग शेजारी सोडियमची काढ, उंबरठा ५.१४ वर आणि पायरी २.१ वर. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा रंग त्या पायरीवरून येतो.

तलावपाळी
काढतेय सर. पट्टी शोधतेय.